सत्त्याण्णव टक्के उत्तर

रघुनंदनरावांनी एका पत्राला अकरा महिने उत्तर दिले नव्हते. ही गोष्ट त्यांच्या स्वभावाला धरूनच असल्यामुळे घरात तिची कुणी वेगळी नोंद घेतली नव्हती.

पत्र बेंगळूरजवळच्या होसकोट्याहून आले होते, विठोजींचे. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये विठोजी तीस वर्षे लेथवर होते आणि रघुनंदनराव हजेरीच्या खिडकीत, टेबलाच्या खणात पुस्तक उघडे ठेवून. लेथने विठोजींचे कान नेले. रघुनंदनरावांना समोरासमोर बोलण्याची मुळातच धास्ती. त्यामुळे दोघांची मैत्री आधी चिठ्ठ्यांवर आणि निवृत्तीनंतर पत्रांवर उत्तम चालली होती. फोनचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही.

विठोजींनी लिहिले होते, "कारखान्याच्या आठवणी चार वह्यांत उतरवल्यात. तुझ्याइतकं वाचलेला माणूस माझ्या माहितीत नाही. वाचशील का? हो किंवा नाही, एवढंच कळव. डोळे अधू झालेत, तेव्हा मोठ्या अक्षरात टाईप करून पाठव. तुझं हस्ताक्षर मला डोळे चांगले होते तेव्हाही लागत नव्हतं." सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा होता. विठोजी आपल्या मित्राला ओळखून होते.

उत्तर एका अक्षराचे होते, आणि तीच अडचण होती. चार पाने लिहायची असती तर रघुनंदनरावांनी मुद्दा चुकवत ती लिहिली असती. एका अक्षरात मात्र लपायला जागा नसते. मुळात वाचून मत देणारे आपण कोण? आवडले तर ते मैत्रीमुळे, न आवडले तर आपल्याला काही कळत नसल्यामुळे. मुलीने दिलेल्या संगणकावर त्यांनी 'प्रिय विठोजी' असे टाईप केले आणि विचार करायला थांबले.

भाद्रपदात दुसरे पत्र आले. हे विठोजींच्या पत्नीच्या, कस्तुराबाईंच्या अक्षरात होते. "भावजी, कोजागिरीला आम्ही सोलापूरला मुलाकडे कायमचे निघालो. घर रिकामं करायचं आहे. तुमचं काहीच आलं नाही, तेव्हा वह्या रद्दीत घाल म्हणतात. मी दोनदा बाजूला काढून ठेवल्या. तिसऱ्यांदा जमेल असं वाटत नाही."

रघुनंदनरावांनी पत्र तीनदा वाचले, भरतकाम केलेला रुमाल संगणकावरून दूर केला आणि चष्मा पुसून बसले.

पडद्यावर सूचना होती : 'महत्त्वाचे अपडेट उपलब्ध आहे.' ही सूचना जुनी होती. तिच्याखाली 'आता' आणि 'नंतर' अशी दोन बटणे असत आणि रघुनंदनरावांनी अकरा महिने नेमाने 'नंतर' दाबले होते. आज 'नंतर' हे बटण नव्हते. कुणीतरी, कुठेतरी, त्यांच्याबद्दल निर्णय घेतला होता. त्यांनी घाबरून 'आता' दाबले. एक पट्टी सरकू लागली, सत्त्याण्णव टक्क्यांवर येऊन थांबली आणि दोन तासांनी म्हणाली, 'काहीतरी चुकले.'

दुसऱ्या कुणी विचारले असते की काय चुकले. रघुनंदनरावांनी ते तत्काळ मान्य केले.

मदतीच्या क्रमांकावर स्मृती नावाच्या मुलीने त्यांच्याशी आधी हिंदीत, मग इंग्रजीत, आणि त्यांचे "अहो, म्हणजे, त्याचं असं" ऐकल्यावर शेवटी मराठीत बोलायला सुरुवात केली.

"सर, मशीन बंद करून चालू केलंत?"

मशीन अकरा महिने बंद केलेले नव्हते, कारण 'प्रिय विठोजी' त्यात तसेच उघडे होते. पण इतक्या गोड आवाजाला नाही कसे म्हणायचे?

"हो," रघुनंदनराव म्हणाले.

"इंटरनेट व्यवस्थित आहे?"

"हो."

"एरर काय येतोय सर?"

"काहीतरी चुकले, असा."

"काय चुकलं?"

"ते विचारायलाच मी फोन केला."

"सर, ते तुम्ही सांगितलंत तर आम्हाला शोधायला सोपं जाईल."

"माझंच चुकलं असेल," रघुनंदनराव म्हणाले.

"थँक यू सर," स्मृती म्हणाली, आणि पलीकडून भराभर टाईप केल्याचा आवाज आला.

जिवलग मित्राला अकरा महिन्यांत न मिळालेला होकार एका अनोळखी मुलीला चार मिनिटांत दोनदा मिळाला होता. पण हे रघुनंदनरावांच्या तेव्हा लक्षात आले नाही.

थोड्या वेळाने मोबाईलवर संदेश आला : 'तक्रार नोंदवली. कारण : ग्राहकास मान्य. सविस्तर माहितीसाठी अर्ज भरावा.' अर्ज फक्त अपडेट झालेल्या संगणकावर उघडत होता. अपडेट का होत नाही हे सांगण्यासाठी अपडेट होणे आवश्यक आहे, हे रघुनंदनरावांना फारसे वावगे वाटले नाही. हजेरीच्या खिडकीत त्यांनीही गैरहजर माणसाची सही गैरहजेरीच्या दिवशीच मागितली होती. चोवीस तासांनी दुसरा संदेश आला : 'आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने आपली तक्रार समाधानकारकरीत्या सुटली आहे. आपण किती आनंदी आहात?'

रघुनंदनरावांनी पाचपैकी चार तारे दिले. तीन दिले असते तर त्या मुलीला वाईट वाटले असते.

नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी त्यांच्या पत्नीने, पद्मावतीबाईंनी, वरच्या मजल्यावरच्या अजितला हाक मारली. अजित पुण्याहून आलेला, हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत कामाला. कॉफीचा पेला हातात घेऊन त्याने पडद्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"काका, हे तर आमचंच प्रॉडक्ट."

"म्हणजे तुम्ही बनवलंत?" रघुनंदनरावांनी आदराने विचारले.

"मी नाही हो. आमची टीम फक्त 'थोडा वेळ लागू शकतो' हे वाक्य बघते. सहा जण आहोत. टक्के वेगळी टीम दाखवते."

"ते टक्के खरे असतात?"

"खरे म्हणजे रिसर्च करून काढलेले. सत्त्याण्णवला लोक सगळ्यात जास्त थांबतात. नव्वदला उठून जातात."

"आणि शंभरला?"

"शंभरला आमचं काही काम नसतं काका."

अजितने चार-सहा बटणे दाबली आणि थांबला. "मागे एक डॉक्युमेंट उघडं आहे. सेव्ह न केलेलं. त्याच्यामुळे अडलंय सगळं. यात 'प्रिय विठोजी' आहे आणि एक स्वल्पविराम."

"हो."

"अकरा महिने?"

"स्वल्पविराम अलीकडचा आहे," रघुनंदनराव म्हणाले.

अजितने सेव्ह करून पाहिले. 'जतन करण्यासाठी आधी अपडेट करा,' असे उत्तर आले. अपडेट करून पाहिले. 'आधी उघडे काम जतन करा,' असे उत्तर आले. "दोन टीम आहेत," अजितने समजावले, "आणि त्यांचं आपसात पटत नाही. बंद करू का? जाईल मात्र हे."

"जाऊ दे की," पद्मावतीबाई म्हणाल्या. "दोनच तर शब्द आहेत. परत लिहा."

"परत तसंच जमेल का, सांगता येत नाही," रघुनंदनराव म्हणाले.

शेवटी अजितने मोबाईलवर पडद्याचा फोटो काढून घेतला, तो रघुनंदनरावांना दाखवला, आणि स्वल्पविरामासह सर्व काही शाबूत आहे याची त्यांनी खात्री केल्यावर ते पान बंद झाले. पट्टी सरकू लागली. तिच्याखाली अक्षरे उमटली : 'थोडा वेळ लागू शकतो.'

"नीट दिसतंय ना?" अजितने विचारले. त्याचा आवाज किंचित हळवा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. पद्मावतीबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही कैक पिढ्या बेंगळूरचे, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याकडे सूट नव्हती. ज्या वस्तूने वर्षभर काम केले तिला त्या दिवशी कामाला लावायचे नाही. विळी, कात्री, मिक्सर, इस्त्री, झाडू, घरातली सगळी पेने, पेन्सिली, अजितची खाली उभी असलेली स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागले. संगणकाला झेंडूची माळ पडली. गाडीच्या चाकांखाली लिंबे ठेवायची रीत; संगणकाला चाके नसल्यामुळे टेबलाच्या चार पायांखाली चार लिंबे ठेवली गेली. उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता.

अजित प्रसादाला आला. तिघे चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खात असतानाच पट्टी पहिल्यांदाच नव्व्याण्णववर गेली आणि माळेआडून प्रश्न उमटला : 'अटी मान्य आहेत? दहा मिनिटांत हो दाबा.' शेजारी आकडे उलटे मोजले जाऊ लागले.

रघुनंदनराव उठले. पद्मावतीबाईंनी नुसते पाहिले.

"अगं, फक्त 'हो' दाबायचं आहे."

"सरी," पद्मावतीबाईंनी कन्नडमध्ये 'बरं' म्हटले, "उद्या दाबा."

"दहाच मिनिटं आहेत."

"मग त्याला सांगा, आज त्याचा सण आहे. अकरा महिने उभं होतं बिचारं, एक दिवस स्वल्प बसू दे."

"काकू, टेक्निकली," अजित म्हणाला, "एक बटण म्हणजे काही काम नाही."

"तुझी स्कूटर पूजेत आहे. नुसती किल्ली फिरवून दाखवतोस?"

अजितने चित्रान्नात लक्ष घातले.

तिघेही पडद्यासमोर बसून राहिले. चार, तीन, दोन. शून्य झाल्यावर पडदा क्षणभर काळा झाला आणि मग त्याने अतिशय सौजन्याने कळवले : 'आपण नकार दिला आहे. आपल्या निर्णयाचा आदर करून संगणक पूर्वस्थितीत नेत आहोत.'

रघुनंदनराव दचकले. आयुष्यात त्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेले नव्हते. भाजीवाल्याने दिलेली किडकी वांगीही त्यांनी आभार मानून घेतली होती. "मी कुठं नकार दिला?" ते म्हणाले. "मी नुसता गप्प होतो."

"तेच ते," अजित म्हणाला. "दहा मिनिटं गप्प बसलं की सिस्टीम नकार धरते. डिफॉल्ट आहे."

रघुनंदनरावांनी बोटांवर महिने मोजले. हजेरीच्या खिडकीत आयुष्य गेल्यामुळे हिशेब त्यांना चटकन जमे. दहा मिनिटांचा नकार होतो. अकरा महिन्यांचे काय होते ते होसकोट्याला केव्हाच समजलेले असणार. उगाच नाही वह्या दोनदा रद्दीत गेल्या.

"एक कागद दे," ते म्हणाले.

कागद मिळाला. पेन मिळेना. सगळी पेने देवापुढे ओळीने झोपली होती. अजितने खिशाला हात लावला, त्याचेही पेन तिथेच होते.

पद्मावतीबाईंनी कुंकवाचा करंडा आणि पाण्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "तुमची बोटं मी पूजेत मांडली नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांनी काही काम केलंय असं मला तरी वाटलं नाही."

रघुनंदनरावांनी बोट भिजवले, कुंकवात बुडवले आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिले, 'हो'. इतके मोठे अक्षर होसकोट्याला चष्म्याशिवायही दिसले असते. मात्रा जरा कलली होती. ते दुसरा कागद मागणार, एवढ्यात पद्मावतीबाईंनी पहिल्याची घडी घातली, विठोजींच्याच लिफाफ्यात सारली आणि अकरा महिन्यांत वाळून गेलेल्या डिंकाऐवजी भाताची दोन शिते लावून तो चिकटवला.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीला कुणी भाविकाने झेंडूची माळ घालून कुंकू लावलेले होते. रघुनंदनराव हात वर करून तिथेच उभे राहिले.

"टाका," मागून पद्मावतीबाई म्हणाल्या. "ती सरकारची. तिला आपला नियम नाही."

त्यांनी लिफाफा आत सोडला. तळाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला. पेटीने संमती विचारली नाही आणि किती टक्के झाले तेही सांगितले नाही. घरी संगणकावर 'नंतर' हे बटण परत आले होते.

ज्या वाचकांकडे अशी उत्तरे प्रलंबित असतील त्यांनी ती आता द्यावीत किंवा 'नंतर' दाबावे. दहा मिनिटांत काहीच न केल्यास आपला नकार समोरच्या माणसाला पोहोचला असे समजण्यात येईल, आणि तो आपल्या निर्णयाचा आदर करील.