शेळके डॉक्टरांचा शिरा

शेळके डॉक्टरांनी कुणाला शिरा खायला बोलावलं की आमच्या दवाखान्यात माणसं रडायला लागतात. तुम्हाला वाटेल, इतका वाईट असतो का शिरा? तसं काही नाही. आमच्या कॅन्टीनचा शिरा चांगला असतो, नशीब जोरावर असलं तर काजूचा तुकडाही दाताखाली येतो. भानगड शिऱ्याची नाही, डॉक्टरांची आहे.

मी सांगलीतल्या एका दवाखान्यात आयसीयूची सिस्टर आहे. इतकी वर्षं झाली की नवे डॉक्टर मला विचारून सही करतात आणि जुने डॉक्टर मला न विचारता चहा पाठवतात. डॉ. दिनकर शेळके हे आमच्या आयसीयूचे मोठे डॉक्टर. खंडाळ्याकडचे. वडील सैन्यात सुभेदार होते, त्यामुळे चालणं अजून कवायतीचं. पण शर्टाचं एक बटण रोज चुकीच्या काजात. पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलताना गावची भाषा, आमच्याशी बोलताना पुस्तकातली. चिडले की दोन्हींची भेळ.

या माणसाचा एक नियम आहे. वाईट बातमी उपाशी माणसाला सांगायची नाही. पेशंटचं काही खरं नाही असं दिसलं की डॉक्टर बाहेर येतात, नातेवाइकांत बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "जेवलासा का?"

"न्हाई जी. काय झालं? कसा हाय आमचा म्हातारा?"

"आदी खावा. मग बोलू. पोटाला आधार पायजे."

मी एकदा वैतागून म्हटलं, "डॉक्टर, हा दवाखाना आहे की पंगत?" तर म्हणाले, "सिस्टर, काही गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या असतात ना? तशी ही बातमी. रिकाम्या पोटी बाधते."

यात वेडेपणा आहे, पण नुसता वेडेपणा नाही. आपल्याकडे माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही. भाऊबंदांच्या घरून भाकरी येईल तेव्हा खरं, आणि तीही घशाखाली उतरत नाही. डॉक्टरांचे वडील गेले तेव्हा त्यांच्या आईचा सोमवारचा उपास होता. उपाशी बाईने ती बातमी ऐकली, आणि पुढे कुणी घास भरवला तरी तिने तोंड उघडलं नाही. तिने अंथरूण धरलं, त्यातून ती नीट अशी उठलीच नाही. डॉक्टरांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही एक्स-रे उजेडात धरून, माझ्याकडे न बघता.

आता आपली माणसं काय कमी आहेत? त्यांनी या नियमाचं पंचांग काढलं. डॉक्टरांनी नुसता चहा सांगितला, तर चान्स आहे. उप्पीट सांगितलं, तर गावाकडं फोन लावा. आणि शिरा आला, तर संपलं. ही विद्या जुने नातेवाईक नव्यांना बाकावर बसल्या बसल्या शिकवतात. एकदा तासगावकडचा एक पैलवान गडी उप्पिटाची बशी बघून जिन्यावरून पळत सुटला. "मी खानार न्हाई! माझा भाऊ बरा हाय!" डॉक्टर बशी घेऊन त्याच्या मागे, मी डॉक्टरांच्या मागे. त्याचा भाऊ खरंच बरा होता. डॉक्टरांनी उप्पीट स्वतःसाठी मागवलं होतं.

डॉक्टरांची मुलगी बारावी पास झाली तेव्हा तर कहर झाला. डॉक्टरांनी कौतुकाने सगळ्यांना पेढे वाटायला घेतले. पहिल्याच बाकावरच्या दोन बायकांनी पेढा बघितला आणि हंबरडा फोडला. शिऱ्याच्याही वरचं काहीतरी असणार, असा त्यांचा हिशेब. त्यांना गप्प करून, त्यांचा म्हातारा आत दूध पितोय हे दाखवून होईपर्यंत पेढ्यांचा भुगा झाला. मुलगी साताऱ्याला आईजवळ राहते, आई तिथे बँकेत. डॉक्टर इथे दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटे. दर रविवारी साताऱ्याला जायचं ठरतं, बॅग भरली जाते, आणि गाडी सांगलीची हद्द ओलांडायच्या आत फोन वाजतो. त्या बॅगेतले कपडे घडीवरच जुने झाले असतील.

कारण दुसऱ्या डॉक्टरांची जागा कधीची रिकामी आहे. जाहिरात येते, माणूस येत नाही. मग रात्रीची ड्युटी संपते तिथेच दिवसाची सुरू होते. एका पेशंटमागे दहा नातेवाईक, दहा नातेवाइकांमागे एक पुढारी, आणि पुढाऱ्याचा फोन, "आपला माणूस आहे, लक्ष असू द्या." इकडे खाट नाही म्हटलं की शिव्या, खाट दिली की "एवढे दिवस का ठेवलं" म्हणून शिव्या. एकदा तर वीस-पंचवीस जण काठ्या घेऊन आले आणि दाराची काच फोडली. आम्ही सगळ्या आत, कडी लावून. डॉक्टर कडी काढून बाहेर गेले. मी देवाचं नाव घेतलं. बाहेरून आवाज आला, "सकाळधरनं काय खाल्लंय का रं, गड्यांनो?"

पुढच्याची काठी खाली आली. मग एकजण म्हणाला, "न्हाई. टेम्पोत बसून तसंच आलोय." पुढे काय झालं ते सांगायला नको. कॅन्टीनमधले वडे संपले. काच मात्र आमची फुटली ती फुटलीच.

लोकांना हे सगळं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते मी सांगते. ज्या दिवशी आमचा पेशंट जातो किंवा हाताबाहेर जातो, त्या दिवशी शेळके डॉक्टर जेवत नाहीत. खानावळीचा डबा येतो तसा परत जातो. आधी मला वाटलं, वेळ मिळाला नसेल. मग ध्यानात आलं की त्यांच्याही घरची चूल त्या दिवशी विझलेली असते. आयसीयूत माणसं जायची थांबत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांचा पट्टा सारखं नवीन भोक मागतो. मी रागावते, ओरडते. ते म्हणतात, "भूक नाही सिस्टर, ॲसिडिटी आहे." ॲसिडिटी होणारच की!

तर, बायाक्का. कवठे महांकाळकडची मेंढरं राखणाऱ्या घरातली म्हातारी. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकवाचं गोंदण, आवाज डोंगर ओलांडणारा. तिचा एकुलता एक लेक बिरू कडब्याच्या गंजीतून पेंडी ओढताना घोणस चावली म्हणून आला. आधी मांत्रिकाकडे वेळ गेला होता. इंजेक्शनं झाली, डायलिसिस झालं, पण किडन्या ऐकेनात. बायाक्काने बाकावर बसून दोन गोष्टी केल्या. एक, शिऱ्याची विद्या पूर्ण शिकून घेतली. दुसरी, बिरूला श्वासाचं मशीन लावलं त्या दिवशी शपथ घातली, "बिरू डोळं उघडंपतोर पान्याबिगर काय न्हाई." गावाहून रोज जीपबरोबर भाकऱ्या यायच्या. ती त्या फडक्यात बांधून ठेवायची.

आणि मग एका दुपारी बिरूच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, परत मारली, आणि बॅटरी खिशात ठेवायची सोडून माझ्या हातात दिली. मला समजलं. मशीनवर श्वास चालू होता, हृदय चालू होतं, पण आता फार तर संध्याकाळ. लेक जिवंत आहे तोवर आईने जवळ बसायला हवं होतं. त्यासाठी तिला सांगायला हवं होतं. आणि डॉक्टरांना ती उपाशी असताना सांगायचं नव्हतं.

ते स्वतः शिऱ्याची बशी घेऊन गेले. बायाक्काने बशी बघितली आणि मान भिंतीकडे वळवली.

"न्यावा ती बशी."

"आक्का, दोन घास खा. मग बोलू."

"म्या खाल्लं म्हंजी तुमी बोलनार. म्या खातच न्हाई. बोला कसं बोलतासा ते!"

डॉक्टर आत आले, बिरूचा रक्तदाब बघितला, परत बाहेर गेले. दूध नेलं. केळं नेलं. म्हातारी हलेना. आत स्क्रीनवर आकडे उतरत होते. तिला वाटत होतं, आपण खात नाही तोवर लेकाला काही होणार नाही. डॉक्टरांना वाटत होतं, उपाशी आईला सांगितलं तर तीही जाईल. दोघंही हटून बसलेले, आणि मधल्या मधे आई-लेकाची वेळ निघून चाललेली. शेवटी माझा पारा चढला.

दारातच मी म्हटलं, "डॉक्टर, पुरे झालं! तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. तो गेल्यावर बोलावणार का तिला?"

"थांबा सिस्टर. उपाशी आहे ती."

"आणि तुम्ही कशावर आहात हो? काल दुपारी बिरूची तब्येत उतरली तेव्हापासून तुमचा डबा उघडलेला नाही!"

मी जरा मोठ्यानेच बोलले. बायाक्काने मान वळवली. डॉक्टरांकडे बघतच राहिली. चुकलेलं बटण, खोल गेलेले डोळे, हातात केळं.

"व्हय रं," ती म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आला. "माझ्या बिरूपायी जेवला न्हाईस तू?"

डॉक्टरांनी हातातलं केळं बाकावर ठेवलं.

"आई हाय का तुला?"

"न्हाई."

"बस हितं."

एवढा मोठा डॉक्टर मांडी घालून फरशीवर बसला. बायाक्काने फडक्याची गाठ सोडली. भाकरी वाळून कडक झाली होती; तिने ती गुडघ्यावर ठेवून मोडली, वर खर्डा घातला आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. "खा." ते खाऊ लागले. ठसका लागला, तसं तिने आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. मग उरलेल्या भाकरीकडे जरा वेळ बघितलं, एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. नेटाने चावला, नेटाने गिळला.

"आता सांग."

डॉक्टरांनी सांगितलं. काही लपवलं नाही. मी दारात उभी होते आणि मला रडू आवरलं नाही.

बायाक्का उठली, पदराला हात पुसले. "मला त्याच्याजवळ न्हे."

आयसीयूत नातेवाइकाला दोन मिनिटांपलीकडे थांबू देत नाहीत, आणि तो नियम माझाच आहे. त्या दिवशी मीच स्टूल ठेवलं. ती बिरूच्या केसांतून हात फिरवत मेंढरांची नावं घेत बसली. कुठली व्यायली, कुठलीला जुळं झालं. दिवस कलला तेव्हा तिचा हात त्याच्या कपाळावर होता, आणि मशीनच्या आधी तिलाच कळलं.

कागदपत्रं झाली, गाडी आली. तिचे पुतणे पुढे बसले, ती मागे, लेकाजवळ. डॉक्टर हात जोडून उभे होते. तिने त्यांना खुणेने जवळ बोलावलं.

"आईक. सुतक आमाला हाय, तुला न्हाई. उद्याच्याला तू जेवायचं. माझ्या लेकाच्या नावानं कुनी उपाशी ऱ्हायलेलं मला चालायचं न्हाई. समजलं?"

"व्हय, आक्का."

"माझ्याकडं बगून बोल."

"जेवतो, आक्का."

मग तिने गाडीवाल्याला सांगितलं, "चल बाबा."