बिनपायदानाची जीप

"सातपुड्यात असा एक दगड दाखवा, ज्याच्यावरून माझी जीप जाणार नाही!" पितांबरनं फैजपूरच्या बसस्टँडवर चहा पिता पिता जाहीर केलं. त्या वेळी ती जीप समोरच्या गटारीत एक चाक घालून उभी होती, पण त्याकडे बघायचं कोणी? ऐकणाऱ्यांचा चहा पितांबरच्याच खात्यावर होता!

जीप मिलिटरीच्या लिलावातली. चारही चाकांना जोर देणारा दांडा तिच्यात होता, पण केळीच्या बागेचा रस्ता सपाट असल्यामुळे त्याला कधी हात लागला नव्हता. मग एकदा टीव्हीवर हिमालयातली मोटारींची शर्यत लागली, आणि पितांबरची झोप उडाली. जीप उंच करायची, डोंगरात घालायची! आता एवढ्या खर्चाला काहीतरी देवाधर्माचं कारण हवं. ते सासूबाईंनी दिलं.

पहूरच्या द्रौपदाबाईंनी लेकीच्या, म्हणजे लिलाबाईच्या, पहिल्या बाळंतपणात सातपुड्यातल्या मनुदेवीला नवस बोलला होता. स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं ओटी भरीन! नात शाळेत जायला लागली तरी नवस फिटला नव्हता, कारण मधल्या काळात बाईंचे गुडघे गेले. देवीच्या वाटेवर नाला, नाल्यात हे एवढाले धोंडे. बाई रात्रंदिवस झुरत होत्या.

"काळजीच सोडा!" पितांबर म्हणाला. "देवीच्या दारात उतरवतो."

जीप धुळ्याला हिलाल मिस्तरीकडे गेली. हिलालनं कमानींत जादा पाटे घातले, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले, पुढे तारेचा दोर ओढणारं विंच बसवलं. शेवटी दाराखालची लोखंडी पायदानं कापून काढली.

"पायदान कशाला काढलं?" पितांबरनं विचारलं.

"भाऊ, ते दगडले अडकस! आते बठ्ठं काम पक्कं शे. हाई गाडी डोंगर चढी जाई!"

चढायचं फक्त गाडीनं नसतं, माणसांनाही गाडीत चढावं लागतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ते आलं नवसाच्या दिवशी सकाळी. द्रौपदाबाई जीपशेजारी उभ्या राहिल्या, तर बैठक त्यांच्या खांद्याला लागली! आता एक सांगायला हवं. बाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि जावयाशी थेट बोलायचं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण पितांबरनं सासूचा शब्द कायम बायकोच्या तोंडूनच ऐकला होता.

"लिला, त्यायले विचार, ह्या जीपमंधी चढू कशी?"

"अहो, आई विचारते..."

"ऐकलं मी! शिडी आणा!"

घराच्या पत्र्यावर चढायची शिडी आली. गल्लीतल्या साऱ्या बाया जमल्या. बाई देवीचं नाव घेत एकेक पायरी चढल्या आणि शिडी जीपला बांधून वरात निघाली. सासरे देवचंदनाना मात्र रस्ता संपला त्या गावात उतरले.

"मी इथल्या झिपरूच्या बैलगाडीनं येतो," ते म्हणाले. "माझी हाडं अजून माझ्या कामाची आहेत."

"नाना, तुम्ही पोचाल तेव्हा आमचा प्रसाद खाऊन झाला असेल!" पितांबर हसला आणि त्यानं दांडा ओढला.

नाल्यापर्यंत जीप खरंच हत्तीसारखी गेली. नाल्यात मात्र मागचं चाक वाळूत बसलं. पितांबर खूश झाला! विंच वापरायची संधी! त्यानं तारेचा दोर काठावरच्या बाभळीला बांधला आणि विंच सुरू केलं. जीप बाभळीकडे जायची, ती गेली नाही. बाभूळच मुळासकट जीपकडे आली!

"लिला, त्यायले सांग, देवीच्या रानातलं झाड उपटू नका."

"अहो, आई..."

"ऐकलं!"

मग त्यानं शिडी सोडली आणि चाकाखाली घातली. कडाडकन आवाज झाला, जीप उसळून काठावर आली, रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडाला आणि इंजिन बंद पडलं. देऊळ हाकेच्या अंतरावर होतं. घंटा ऐकू येत होती. आणि शिडीचा भुगा झाला होता!

आता उतरायचं कसं? लिलाबाई काडीसारखी, तिला आई पेलवेना. जावयानं सासूला हात लावायची गोष्टच नको. शेवटी पितांबर जीपशेजारी ओणवा झाला.

"आईंना सांग, माझ्या पाठीवर पाय ठेवा!"

"अगं बाई! जावाई म्हणजे देव! देवाच्या दारात देवावर पाय देऊ? लिला, त्यायले सांग, उठा!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मांडीवर ओटीचं ताट, समोर कळस, आणि मधे फक्त एका जिन्याचं अंतर! पितांबरला पहिल्यांदाच त्या उंचीची लाज वाटली.

तेवढ्यात घुंगरं वाजली. झिपरूची बैलगाडी डुलत डुलत नाला ओलांडून आली. नानांनी जीप पाहिली, बाभूळ पाहिली, ओणवा जावई पाहिला. आणि झिपरूला खूण केली.

झिपरूनं गाडी मागं घेऊन जीपला भिडवली. द्रौपदाबाई अलगद बैलगाडीत उतरल्या. देवळापाशी बैल सोडले, गाडी मागं कलंडती केली, आणि बाईंचे पाय थेट देवीच्या अंगणात टेकले. ओटी भरली. नवस फिटला! बाई किती वेळ पायरीवर डोकं टेकवून होत्या.

पितांबर हात जोडून मागं उभा होता. हळूच बायकोला म्हणाला, "आईंना सांग, पुढच्या वर्षी पायदान लावून आणतो. विंचही मोठं..."

द्रौपदाबाई उठल्या. पदर नीट केला. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ जावयाकडे वळून बोलल्या,

"जावाईबापू, जीपमंधी लटकली व्हती तव्हा मी दुसरा नवस बोलली. नीट उतरली, तर पुढल्या वर्षी पायी येईन. हळूहळू येईन, बसत बसत येईन, पण पायी! आन् माझ्यासंगं माझा जावाई बी पायी येईन!"

सासूचा पहिलावहिला शब्द! तो मोडायचा कसा? पितांबर "बरं" म्हणाला.