चारशे बारा नोकऱ्या आणि पिशवीभर लिंबं

देशाचं भाग्य कष्टकरी हातांत असतं, आणि जो देश हे हात बिनचूक मोजतो तो कधी उपाशी मरत नाही. कुनारा फ्लॅट गावातले हात मोजायला सरकारी मोजणीबाई आल्या, तेव्हा क्लाइव्ह ट्रेगेन्झाचे दोन्ही हात एका कोंबडीच्या पोटाखाली होते. कोंबडी अंडं देणार आहे की उगाच बसली आहे, हे तो चाचपून पाहत होता. (उगाच बसली होती. पण कोंबडीला कुणी बेरोजगार म्हणत नाही.)

क्लाइव्हचं वय सत्तावन्न. गावातल्या पीचच्या कारखान्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. मग कारखान्याच्या मालकांच्या लक्षात आलं की पीच परदेशातून डब्यात भरूनच आणले तर स्वस्त पडतात, आणि डब्यावरचं चित्रही जास्त रसरशीत येतं. तेव्हापासून क्लाइव्हची सगळी आशा एका जागेवर होती. नगरपालिकेच्या डेपोतला ट्रकवाला नॉर्म निवृत्त व्हायचा होता. ती जागा 'मागास जिल्हा रोजगार निधी'तून भरायची होती. दर सोमवारी क्लाइव्ह दाढी करून, खिशात ट्रक चालवायचा परवाना घालून डेपोवर जायचा आणि नॉर्मच्या तब्येतीची चौकशी करायचा. नॉर्मला वाटे, काय मायाळू माणूस आहे.

तर मोजणीबाई. त्यांचं नाव बर्निस. त्यांनी समजावून सांगितलं की शास्त्र माणूस निवडत नाही, घर निवडतं. ट्रेगेन्झांचं घर आठ महिन्यांसाठी निवडलं गेलं होतं. दर महिन्याला त्या येणार, आणि क्लाइव्ह जे सांगेल ते जिल्ह्यातल्या चारशे बारा माणसांनी सांगितलं असं धरलं जाणार. क्लाइव्हने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"गेल्या आठवड्यात काही काम केलंत?" बर्निसबाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे शेजारच्या मिसेस लिबेल्टचं गवत कापलं."

"किती वेळ?"

"अर्धा तास गवत. पुढे अर्धा तास तिच्या खुब्याच्या ऑपरेशनची कथा."

"कथा चालू असताना उठून जाता आलं असतं?"

"तुम्ही मिसेस लिबेल्टना भेटला नाहीत वाटतं."

बाईंनी अर्धा अधिक अर्धा अशी बेरीज केली. "मोबदला?"

"छे हो! पिशवीभर लिंबं दिली."

बाईंचा चेहरा उजळला. नियम स्वच्छ आहे. आठवड्यात एक तास काम केलं आणि त्याबद्दल पैसे किंवा वस्तू मिळाली, की माणूस कामावर. "अभिनंदन, मिस्टर ट्रेगेन्झा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नोकरी आहे."

स्वयंपाकघरातून क्लाइव्हची बायको लॉरेल ओरडली, "मग हा दिवसभर माझ्या पायात का घोटाळतो?"

या शास्त्राला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्याइतकं उदार शास्त्र दुसरं नाही. ते कुणालाही एका तासात कामाला लावतं. जो काम शोधतो आणि ज्याला मिळत नाही, तो बेरोजगार. जो शोधून शोधून थकला आणि घरी बसला, तो बेरोजगार नाही, तो हिशेबाबाहेर. म्हणजे माणूस पुरता खचला की देशाची प्रगती होते. स्वतः लॉरेल धर्मादाय जुन्या कपड्यांच्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असायची, पण फुकट. म्हणून ती कामगारांत नाही आणि बेरोजगारांतही नाही. ती आहे, एवढं मात्र बर्निसबाईंनी लिहून घेतलं.

महिना संपला आणि मंत्र्यांनी टीव्हीवर जाहीर केलं : जिल्ह्यात चारशे बारा नव्या नोकऱ्या. बेकरीत पाव घेता घेता लोक एकमेकांना विचारू लागले, "तुला लागली का रे?" "मला नाही बुवा. पलीकडच्या गावात असतील." पलीकडच्या गावात लोक कुनारा फ्लॅटकडे बोट दाखवत.

पुढच्या महिन्यात उन्हाने मिसेस लिबेल्टचं गवत जळून गेलं, आणि एका रात्रीत चारशे बारा माणसं रस्त्यावर आली. विरोधी पक्षाने छाती पिटली. तज्ज्ञांनी व्याजाचे दर, पोलादाचा भाव आणि तरुण पिढीचा आळस अशी कारणं दिली. गवताचं नाव कुणी काढलं नाही.

एवढ्यात जिल्ह्याच्या खासदाराने राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लागली. मतदानाच्या दोन दिवस आधी नवा आकडा येणार होता. कुठल्या घराची निवड झाली हे कायद्याने गुप्त असतं, म्हणून लॉरेलने ते दुकानात फक्त एकीला सांगितलं, तेही शपथ घालून. त्या एकीनेही शपथ घालूनच सांगितलं. शुक्रवारपर्यंत ती शपथ दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांत पोचली होती.

सरकार पक्षाचा उमेदवार गॅव्हिन प्रॉथरो आला तो कोरे करकरीत बूट घालून, आणि हातात मासे पकडायची काठी घेऊन.

"क्लाइव्ह, गड्या, ही तुला. किती वणवण करशील कामासाठी? जरा थकून बघ की!"

"मला काम हवंय, गॅव्हिन."

"मग एक तास कर कुठेतरी. पण मोजणीच्याच आठवड्यात कर. उगाच दुसऱ्या आठवड्यात करशील आणि वाया जाईल."

"आणि डेपोतली जागा?"

"आकडा चांगला येऊ दे. जागा तुझीच समज."

त्याच दुपारी विरोधी पक्षाच्या मॅरिएन डिफाझिओ आल्या. त्यांनी भलंमोठं भांडं भरून लझान्या आणला होता आणि जाड कागदावर क्लाइव्हच्या अर्जाच्या वीस प्रती छापून आणल्या होत्या. "शोधत राहा, क्लाइव्ह. थांबलास की हिशेबातून गेलास. फक्त त्या आठवड्यात काही मिळवू नकोस हं."

"डेपोतली जागा?"

"मी निवडून आले की तुझीच रे."

क्लाइव्ह कोंबड्यांपाशी जाऊन बसला. जागा एक होती आणि ती त्याला दोनदा मिळाली होती. पण गॅव्हिनच्या जागेसाठी एक तास काम करायला हवं होतं आणि मॅरिएनच्या जागेसाठी करायला नको होतं. लॉरेल म्हणाली, "तू लझान्या खा आधी."

मोजणीच्या आठवड्यात शुक्रवारी वारा सुटला आणि मिसेस लिबेल्टच्या व्हरांड्याचा पत्रा उचकटला. ऐंशीच्या पुढची बाई काठी टेकत अंगणात उभी राहून पत्र्याला जर्मनमध्ये शिव्या देत होती. क्लाइव्हने राष्ट्राचा विचार न करता हातोडा घेतला आणि तो शिडीवर चढला. त्याच्यामागून आणखी चारशे अकरा माणसं चढली. पत्रा ठोकून तो खाली आला, तेव्हा तास उलटून गेला होता, आणि मिसेस लिबेल्ट कुंपणापाशी लिंबांची पिशवी घेऊन उभी होती.

रस्त्याच्या अलीकडे गाडीत गॅव्हिनचा माणूस होता. पलीकडे खुर्ची टाकून मॅरिएनची कार्यकर्ती सँडविच खात होती.

"घे, क्लाइव्ह, घे!" गाडीतून आवाज आला.

"हात लावू नकोस! शेजारधर्म म्हणून केलंस ना तू?" खुर्चीवरून आवाज आला.

"माझ्या झाडाची लिंबं आहेत ही, मतपेटी नव्हे," मिसेस लिबेल्ट कडाडली. "घेतोस का नाही? माझा खुबा दुखतोय."

क्लाइव्हने हात खिशात घातले. मिसेस लिबेल्टने "गाढवांनो!" म्हणून पिशवी कुंपणाच्या खांबाला अडकवली आणि दार लावून घेतलं.

तो दिवस आणि दुसरा दिवस पिशवी तिथेच लोंबकळत राहिली. स्थानिक रेडिओवर चर्चा झाली. एका अर्थतज्ज्ञाच्या मते देऊ केलेलं पण न घेतलेलं लिंबू हे सुप्त वेतन होतं. दुसऱ्याच्या मते लिंबू सालीसकट मोजायचं की रस काढून, हे ठरल्याशिवाय काहीच बोलणं घाईचं होईल. बेकरीत पैजा लागल्या. क्लाइव्ह खिडकीतून पिशवीकडे बघत होता आणि त्याला डेपोतला ट्रक दिसत होता.

शनिवारी संध्याकाळी, मोजणीचा आठवडा संपायला थोडा वेळ असताना, लॉरेल दुकानातून आली आणि तिने चालता चालता खांबावरची पिशवी काढली.

"लॉरेल! अगं, त्या चारशे बारा नोकऱ्या आहेत!"

"असू देत. मला लेमन पाय भाजायचाय."

लिंबं घरात आली. बर्निसबाई आल्या, त्यांनी लेमन पायचा तुकडा खाल्ला, क्लाइव्ह खोटं बोलला नाही, आणि जिल्ह्यातली बेरोजगारी संपली. गॅव्हिन प्रॉथरो भरघोस मतांनी निवडून आला.

पुढचं सगळं नियमानेच झालं. जिल्हा मागास उरला नाही, म्हणून रोजगार निधी दुसऱ्या गरजू जिल्ह्याकडे वळवण्यात आला. निधी गेला, म्हणून डेपोतली जागा रद्द झाली. नॉर्मने त्याच आठवड्यात निवृत्ती घेतली आणि ट्रक शेडमध्ये गेला. क्लाइव्हच्या नोकरीने क्लाइव्हची नोकरी गेली, यात कुणाचाही दोष नव्हता.

विजयाप्रीत्यर्थ मैदानावर गावाला फुकट सॉसेज होते. गॅव्हिन व्यासपीठावरून म्हणाला, "हा विजय माझा नाही, त्या चारशे बारा कष्टकऱ्यांचा आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रत्येकाला वाटत होतं की त्यांतला एकजण शेजारी उभा असेल. (हसू नका. मागच्या वेळी असाच आकडा ऐकून तुम्हीही "चला, कुणाचं तरी भलं झालं" म्हणत चहाचा घोट घेतला होतात. ते कुणीतरी तुम्हाला पुढे कधी भेटलं का?)

भाषण संपल्यावर क्लाइव्ह दाढीबिढी करून, खिशात परवाना घालून व्यासपीठाशी गेला. एका हातात पावात गुंडाळलेला सॉसेज होता, म्हणून त्याने दुसरा वर केला.

"गॅव्हिन, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "त्या चारशे बारा नोकऱ्यांतली एखादी अजून रिकामी असेल का रे? अर्धवेळही चालेल. फक्त पगारात लिंबं नकोत. घरी फार झालीत."