गाडीतला कोळसा

"रविवारी माणूस येतोय गाडी बघायला. तोवर वास गेला तर ठीक, नाहीतर देऊन टाका," माईंनी निर्वाणीचं सांगितलं. "मी काही पुन्हा त्या पेट्रोलच्या भपकाऱ्यात बसायची नाही."

नानांना गाडी विकवत नव्हती. गाडी म्हातारी होती खरी. पण निवृत्तीनंतर माईंना शेजारी बसवून मनसोक्त भटकायचं, एवढी एकच हौस त्यांनी जपली होती. त्यातून स्वभाव भारी चौकस. टाकी गळत नाही, मग वास येतो कुठून? हुंगत हुंगत ते बॉनेटखाली शिरले आणि एका काळ्या डब्यापाशी थबकले. खटपट करून त्यांनी तो उघडला. आत चक्क कोळसा!

"अगं, गाडीत कोळसा निघाला!"

"पेट्रोलवर चालते ना ती?"

"तेच तर! कुणीतरी आपल्याला बनवलंय."

कोळसा त्यांनी ओट्यावरच्या वाडग्यात ओतला आणि डबा धुऊन परत बसवला. दुसऱ्या दिवशी गाडीतला वास दुप्पट झाला. त्याहून नवल म्हणजे चहालाही तोच वास!

"अहो, दुधाला हात लावलात का?"

"छे! मी हात घासून घासून धुतलेत."

नानांनी फ्रीज उघडला. दुधाच्या पातेल्याला खेटून वाडगा बसलेला.

"हा इथे कुणी ठेवला?"

"मीच. कोळसा वास ओढून घेतो, एवढंही ठाऊक नाही?"

नाना उडालेच. "म्हणजे गाडीतही तो त्याचसाठी होता! टाकीतली वाफ धरून ठेवायची, इंजिन सुरू झालं की त्याला द्यायची. आणि मी शहाण्यानं तोच उपसला!"

"आणि मी तो पेट्रोल प्यायलेला कोळसा दुधाशेजारी मांडला," माई पुटपुटल्या.

नानांनी गाडी दाखवायला नेली, तर मेकॅनिक पोट धरून हसला. "डबा ठणठणीत होता हो! त्याची नळी चिरली होती." त्यानं कोळशाचा डबा आणि नळी, दोन्ही नवी बसवली. गाडीतला वास पार गेला, पण माईंना पटेना. घरभर पेट्रोलचा वास इतका पसरला होता की गाडीत बसून बघायलाही त्या तयार नव्हत्या. फ्रीज सोड्यानं धुतला, लिंबानं पुसला. पण त्याचा वास काही दाद देईना.

रविवारी माणूस आला. नाना जड पावलांनी त्याला गाडीपाशी घेऊन गेले. आत काचा वर करून, हातात कोरा चहा घेऊन माई पुढच्या सीटवर निवांत बसल्या होत्या.

"बाई, जरा उतरता का? गाडी बघायचीय."

"उतरून जाऊ कुठे? वास नसलेली एवढी एकच जागा उरलीय." माईंनी काच थोडी खाली केली. "गाडी राहू द्या. फ्रीज बघता का?"