जनरल, ओव्हरटाइम आणि नाना

आमच्या नानांच्या घरचा कुकर माझ्या खोलीत लागतो.

नाना म्हणजे माझे घरमालक. खाली ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर गच्चीला लागून माझी खोली. रोज सकाळी साडेनऊला जिन्यावर पावलं वाजत नाहीत, पण नाना आलेले असतात. डाळ-तांदळाचा कुकर दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तो माझ्या शेगडीवर ठेवतात तेव्हा धातूला धातू लागल्याचा आवाजसुद्धा येत नाही. मग तीन बोटं दाखवतात. म्हणजे तीन शिट्ट्या. झाल्या की कुकर मी खाली नेऊन द्यायचा, आणि चपला न घालता.

कारण खालच्या घरात शिट्टीला बंदी आहे. मिक्सरलाही. पापडालाही, कारण तो कुरकुरतो. जळगावात राहून उडदाचा पापड वरणात बुडवून खाणारा माणूस मी नानांशिवाय पाहिलेला नाही.

हे सगळं दोन गिनीपिगांसाठी.

नाना मूळचे धुळ्याकडचे. नोकरी मात्र वरणगावला, दारूगोळ्याच्या कारखान्यात, बत्तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर जळगावात घर बांधलं. कारखान्यातली शिस्त त्यांच्या अंगात अशी मुरली आहे की ते कुठलीच वस्तू टाकत नाहीत, आपटत नाहीत, ओढत नाहीत. पिशवी ठेवतानाही आधी कोपरा टेकवतात, मग दुसरा. मी कॉलेजला उशीर झाला म्हणून जिना धडाधड उतरले की खालून आवाज येतो, "पोरी, घाई कोणले शे? आमच्याकडं पळणाऱ्याला शूर नव्हते म्हणत. घरी पाठवत."

मी जामनेरजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजला आलेली पहिलीच. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलंय हे नानांना कळलं, तेव्हापासून ते मला तज्ज्ञ समजतात. दिवाळीनंतर भुसावळहून पिंजरा घेऊन आले आणि मला हाक मारली.

"तू विज्ञानाची शेस. सांग, ह्या भितात का?"

मी तोवर गिनीपिग फक्त चित्रात पाहिला होता. पण नाही म्हणायची लाज वाटली. ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं. त्यात गिनीपिगाच्या पोटात काय काय असतं ते सविस्तर होतं. त्याला हातात कसं घ्यायचं ते कुठंच नव्हतं. मी तसं खरं सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे पुस्तकवाल्यांनी जिवंत पाहिलाच नाही."

एक काळी-पांढरी, दुसरी तपकिरी. नावं नानांनी ठेवली. काळी-पांढरी सकाळी उठून संध्याकाळी झोपते म्हणून ती 'जनरल', जनरल शिफ्टवरून. तपकिरी दिवसभर खातच असते म्हणून ती 'ओव्हरटाइम'. शेजारचे भाऊ कुंपणावरून म्हणाले, "नाना, लोक उंदीर धरायला पिंजरा आणतात. तुम्ही उंदरासकट आणला!"

हसले सगळे. पण मागून बोलणंही झालं. कारण घरात अक्का होत्या.

अक्कांना मागच्या वर्षी झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, पण डावा हात तसाच राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं की हात रोज चोळा, बोटं उघडमीट करा, नाहीतर कायमचा आखडेल. अक्का कोणालाच हात लावू देत नव्हत्या. व्यायाम घ्यायला येणाऱ्या माणसाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाटेला लावलं. पिळायला दिलेला रबरी चेंडू उजव्या हातानं भिंतीवर मारला. "मी काय पोरगी आहे चेंडू खेळायला?" एकदा नानांनी धीर करून हात धरला, तर अशा ओरडल्या की भाऊ कुंपण ओलांडून आले. तेव्हापासून तो हात शालीखाली. आणि घरात बायकोचा हात असा वाळत असताना हा माणूस गिनीपिग पाळतो, हे लोकांना बरं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही.

नानांनी एक वही सुरू केली. ती मी वाचली आहे. पहिला दिवस : "बसलो. आल्या नाहीत." दुसरा दिवस : "बसलो. आल्या नाहीत. मला शिंक आली. दोघी खोक्यात पळाल्या. चूक माझी." पाचवा दिवस : "कोथिंबीर ठेवली. मी उठल्यावर खाल्ली."

रोज सकाळी अर्धा तास पिंजऱ्याजवळ पाट टाकून बसायचं, दार उघडून तळहात आत ठेवायचा आणि बोलायचं. काय बोलायचे? "मी आठेच शे." मी इथंच आहे, एवढंच. मिनिटभरानं पुन्हा, "मी आठेच शे." जनरल खोक्यातून नाक काढायची, हात बघायची, नाक आत.

अक्का समोरच्या पलंगावरून हे रोज बघायच्या. आठवडाभर गप्प राहिल्या. मग एक दिवस राहवलं नाही.

"अहो, वरून काय हात घालता? घार आली असं वाटतं तिला."

नानांनी वळून पाहिलं. हळूच.

"मग कसा घालू?"

"घालूच नका. आमच्या घरी नवी शेळी आली की आई तिच्याकडं बघायचीसुद्धा नाही. पाठ करून बसायची. शेळीला वाटायचं, हिला माझं काही पडलेलं नाही. मग यायची वास घ्यायला."

नानांनी वहीत लिहिलं : "पाठ करून बसणे. (अक्का.)" आणि दुसऱ्या दिवसापासून पिंजऱ्याकडं पाठ करून पेपर वाचू लागले. पानं मात्र उलटायची नाहीत, आवाज होतो. त्यामुळं महिनाभर त्यांनी फक्त पहिलं आणि शेवटचं पानच वाचलं. आतल्या बातम्या मला विचारायचे.

अक्कांना मात्र काम मिळालं. पलंगावरून हुकूम सुटू लागले. "मागून उचलू नका." "पोटाखाली हात द्या, मागचे पाय लोंबकळायला नकोत." "काकडी देऊ नका एवढी, पोट बिघडेल." मी कुकर घेऊन जायची तेव्हा दोघांचं कुजबुजत्या आवाजात भांडण चाललेलं असायचं. इतक्या हळू आवाजातलं भांडण मी आधी ऐकलं नव्हतं. आमच्या गावात भांडण वेशीपर्यंत जातं.

एकदा मी धीर करून नानांना विचारलंच. ते कुकर घेऊन वर आले होते. म्हटलं, "नाना, ह्या दोघी हातावर आल्या काय, न आल्या काय. तुम्ही इतकं का करता?"

नाना तीन बोटं दाखवायला आले होते. बोटं तशीच राहिली.

"बत्तीस वर्षं मी लोखंडाले हात लावला, पोरी," ते म्हणाले. "लोखंड भीत नाही. आपणच भितो. हिचा हात मी धरला ना, तर बठ्ठं घर हादरलं. माले वाटलं, घाबरलेल्याले हात कसा लावतात ते आपल्याले येतच नाही. आधी लहान जिवावर शिकू. चुकलो तर त्या पळतील, रडणार तर नाहीत."

आणि खाली गेले. त्या दिवशी मी शिट्ट्या मोजायच्या विसरले. भात करपला.

पौषातल्या थंडीत अक्का सकाळी ओट्यावर उन्हाला बसू लागल्या, गादीवर पाय पसरून. नाना त्यांच्यापुढं चादर अंथरायचे, भोवती विटा लावायचे आणि दोघींना मोकळं सोडायचे. स्वतः चादरीच्या कडेला पालथे पडून, तळहातावर कोथिंबीर. एका सकाळी मी पायरीवर जर्नल लिहीत बसले होते. ओव्हरटाइम आली, नानांच्या हातातली कोथिंबीर तोंडात धरली आणि पळाली. हे पहिल्यांदाच. मी टाळी वाजवणार होते, थांबले. जनरल मात्र नानांचा हात ओलांडून पुढं गेली. गादीच्या कडेपाशी अक्कांचा डावा हात शालीतून घसरून खाली टेकला होता. कित्येक महिने न हललेला हात. जनरलनं त्याचा वास घेतला. अंगठा हुंगला. मग तळहातात पुढचे पाय ठेवले, मागचे ओढून घेतले आणि गोळा होऊन बसली.

"अहो," अक्का अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "हिला उचला."

नाना पडल्या जागेवरून म्हणाले, "मी नाही उचलणार. तूच म्हणतेस, बसलेलीला उठवू नये."

अक्का हाताकडं बघत राहिल्या. हात आपलाच आहे की नाही अशा.

"गरम लागते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "हिचं काळीज किती धडधडतंय. मला कळतंय इथं."

वहीत त्या दिवसाची नोंद नाही. मी नंतर पाहिलं, पान कोरं आहे.

पुढचे आठ-दहा दिवस जनरलनं आपली जागा सोडली नाही. तिची मान खाजवायला अक्कांचं बोट हलायचं, की मला तसं वाटायचं, खात्रीनं सांगता येत नाही. पण एका दुपारी मी कॉलेजहून आले तेव्हा ओट्यावर अक्का एकट्याच बोलत होत्या.

"बोटांत हिचे केस अडकलेत बठ्ठे. एका हातानं निघत नाहीत. कोणी आहे का घरात?"

नाना आतून कोमट पाण्याचं पातेलं घेऊन आले, खांद्यावर पंचा, आणि खाली मांडी घालून बसले. अक्कांनी डावा हात उजव्यानं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी पायरीवरच थबकले. नाना एकेक बोट उघडून पुसायला लागले. इतकं हळू की पंचा ओला आहे हेही हाताला कळलं नसेल.

"अहो, जोर लावा की जरा," अक्का करवादल्या. "असं चोळून काय होणार आहे? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

नानांनी जोर लावला. अक्का "आई गं!" म्हणून ओरडल्या. पलीकडं भाऊंनी कुंपणावरून डोकं काढलं.

हात मात्र अक्कांनी मागं घेतला नाही.