वर्णक्रमानं म्हैस आधी

दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम तपासण्यात माझा हात धरणारा माणूस कोल्हापुरात नाही, असं एक मत दोन हजार चारच्या सुमाराला प्रचलित होतं. मत माझं एकट्याचंच होतं. पण मी ते इतक्या ठिकाणी बोलून दाखवायचो, की मला स्वतःला तरी ते सगळ्या गावाचं वाटायला लागलं होतं.

आमची कंपनी राजारामपुरीत एका बेकरीच्या वर होती. मालक गणपतराव, प्रोग्राम तपासणारा मी, आणि लिहिणारे चारदोन जण. आम्ही खेड्यापाड्यातल्या दूध संस्थांसाठी प्रोग्राम बनवायचो. सभासदानं दूध आणलं की यंत्र त्याची फॅट मोजणार, ती आमच्या प्रोग्रामकडे येणार, आणि प्रोग्राम दूध कसं आहे ते सांगणार. अडचण एवढीच, की आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. असतं तरी तपासायला सकाळ-संध्याकाळ किटलीभर दूध कोण आणून देणार? म्हणून आम्ही C या संगणकभाषेत एक खोटं यंत्र लिहिलं होतं. ते संगणकातच राहायचं आणि खऱ्या यंत्रासारखे आकडे पाठवायचं. प्रोग्रामला वाटायचं, समोर खरंच यंत्र आहे. पुस्तकात याला एम्युलेटर म्हणतात. आम्ही त्याला ‘सोंग’ म्हणायचो.

हे सोंग मूळ माझं. त्याला कोणत्या दुधाचं नाटक करायचं ते सांगावं लागायचं, आणि ते मी आकड्यांत सांगायचो. शून्य म्हणजे गाय, एक म्हणजे म्हैस, दोन म्हणजे मिश्र. कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि ती जागा मला अत्यंत सुरक्षित वाटायची.

मग आमच्याकडे संघप्रिया कांबळे आली. नुकतीच इंजिनियर झालेली, बोलायला कमी, कामाला वाघ. तिनं आठवडाभर माझा कोड वाचला आणि म्हणाली, हे नुसते आकडे धोक्याचे आहेत, मी यांना नावं देतो. (कोल्हापूरच्या पोरी ‘देतो’च म्हणतात.) C मध्ये त्यासाठी एनम नावाची सोय असते. नावं एका ओळीत मांडायची. पहिल्याला आपोआप शून्य मिळतो, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. तिनं मांडली काऊ, बफेलो, मिक्स्ड. मग कोड माझ्याकडे तपासायला आला.

मी तो वाचला. त्यात चूक नव्हती. आता, ज्याला तपासणीचा अनुभव आहे त्याला ठाऊक असेल, की बिनचुकीच्या कोडाइतका अपमान दुसरा नसतो. आपण मग कशाला आहोत? मी पुन्हा वाचला. चहा मागवला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला, आणि एकदाचं मला काहीतरी सापडलं.

“नावं वर्णक्रमानं नाहीत,” मी म्हणालो. “बी आधी, सी नंतर. म्हणजे बफेलो वर आणि काऊ खाली. कोडला शिस्त पाहिजे.”

ती म्हणाली, “सर, हा क्रम तुमच्या जुन्या आकड्यांवरनं लावलाय. तसाच राहू दे का?”

मी तिला शिस्तीवर एक छोटं भाषण दिलं. त्यात इंग्रजी शब्दकोश आला, फोनची डिरेक्टरी आली, मतदारयादी पण आली. जुन्या आकड्यांची काळजी करू नकोस, तो भाग माझा आहे आणि तो पक्का आहे, असंही मी सांगितलं. तिनं निमूटपणे म्हैस वर घेतली. मी कोड मंजूर केला आणि त्या दिवशी घरी जाताना बेकरीतून पाव नाही, पेस्ट्री घेतली.

त्याच आठवड्यात आम्हाला राधानगरीकडच्या एका गावात प्रात्यक्षिक द्यायचं होतं. मोठी संस्था होती. ती मिळाली तर आजूबाजूची गावं मिळणार होती, आणि नाही मिळाली तर आम्हाला बेकरीत काम मागावं लागेल, असं गणपतरावांनी हसत हसत सांगितलं होतं. डोळे मात्र हसत नव्हते. मी म्हटलं, निर्धास्त राहा. संघप्रियाला बरोबर घेतलं, तेसुद्धा मी काम कसं करतो ते तिला बघायला मिळावं म्हणून.

संस्थेच्या हॉलमध्ये पन्नासेक सभासद जमले होते. चेअरमन हंबीरराव फेटा बांधून पुढे बसले होते. मागच्या भिंतीला टेकून बाळासो उभा होता. तो येत्या निवडणुकीत चेअरमनच्या विरोधात उभा राहणार आहे, हे मला दारातच दोघांनी दोन वेगवेगळ्या सुरांत सांगितलं. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्याला मोठा स्पीकर जोडला. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी आमचा प्रोग्राम निकाल बोलून दाखवायचा, आणि आवाज माझाच होता. मी तो शुद्ध मराठीत, आकाशवाणीच्या बातम्यांच्या चालीवर ध्वनिमुद्रित केला होता.

यंत्र खोटं आहे हे मी लोकांना सांगितलं नाही. सांगणार होतो, पण छाप कमी पडेल असं वाटलं. ह्या गावासाठीची सोंगाची मांडणी मी महिन्यापूर्वीच करून ठेवली होती, अर्थात माझ्या जुन्या आकड्यांत. सभासदांची खरी नावं घातली होती, कुणाकडे कोणतं जनावर तेही विचारून घेतलं होतं.

पहिलं नाव बाळासोचं घेतलं. त्याच्याकडे गायी होत्या. मी बटण दाबलं. फॅट भलतीच वर गेली आणि माझा आवाज हॉलमध्ये घुमला, “उत्कृष्ट दूध. हार्दिक अभिनंदन.”

बाळासोच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गायीच्या दुधाला एवढी फॅट कशी, हा विचार माझ्या मनात आला होता, पण टाळ्यांमध्ये तो वाहून गेला.

मग मी मोठ्या अदबीनं चेअरमनांचं नाव घेतलं. त्यांच्या घरी म्हशी होत्या, आणि गावात त्यांच्या दुधाचा दबदबा होता. बटण दाबलं. स्पीकर खाकरला आणि मी, म्हणजे माझा आवाज, म्हणाला, “पाणीमिश्रित दूध. कृपया सचिवांना भेटा.”

पन्नासेक माना फेट्याकडे वळल्या. मला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नसेल. मी पुन्हा दाबलं. माझ्या आवाजानं तेच वाक्य, तितक्याच स्वच्छ उच्चारांत, पुन्हा ऐकवलं. मागून कुणीतरी म्हणालं, एकदा चूक हुईल, दोनदा कशी हुईल.

हंबीररावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मी घाईघाईनं मांडणी उघडली आणि दूध हातानं निवडायला गेलो. म्हैस म्हणजे एक, हे बोटांत बसलेलं. मी एक टाकला. तिसऱ्यांदा पाणी निघालं. आता लपवून उपयोग नव्हता. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की मंडळी, हे यंत्र खरं नाही. ह्यात दूध नाहीच. हे नुसतं यंत्राचं सोंग आहे.

यानं प्रकरण मिटेल अशी माझी कल्पना होती.

बाळासो शांतपणे म्हणाला, “म्हणजे दूध न बघताच ह्येला कळलं? मग चेअरमनची कीर्ती पार कोल्हापूरपतूर गेलीया म्हणायची.”

त्यानंतर हॉलमध्ये जे सुरू झालं, त्यात कोण कुणाला काय म्हणत होतं ते मला सांगता येणार नाही. एक गट म्हणत होता, आम्ही हे आधीपासून सांगतोय. दुसरा म्हणत होता, ह्या पावण्याला बाळासोनं आणलाय. पावणा म्हणजे मी. मी संघप्रियाकडे वळलो आणि दबक्या आवाजात तिला झापलं, की तुझ्या त्या एनमनं घात केला, जुनं नीट चाललं होतं.

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि थोडा वेळ वाचत राहिली. मग पडदा माझ्याकडे वळवून हळूच म्हणाली, “सर, तुमच्या मांडणीत चेअरमनसाहेबांच्या नावापुढं एक आहे. आपण बफेलो वर घेतली, तिला शून्य मिळाला. आता एक म्हणजे गाय झाली. सोंग गायीच्या दुधाचं होतंय, पण प्रोग्रामच्या सभासदयादीत म्हैसच लिहिलीय, म्हणून तो म्हशीच्या फॅटची वाट बघतोय. मग त्याला ते पाणीच वाटणार की.”

‘आपण’ हा शब्द तिनं वापरला, हा तिचा मोठेपणा. माझी मान खाली गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. राजारामपुरीत खुर्चीत बसून मी एक ओळ खाली-वर केली होती, आणि इथं गावातल्या सगळ्या म्हशींच्या गायी झाल्या होत्या.

एवढ्यात दारात गलका झाला. लोक बाजूला झाले आणि चेअरमनांच्या पत्नी झुंबरबाई आल्या. एकट्या नव्हत्या. एका हातात दुधाची किटली होती, दुसऱ्या हातानं दाव्याला धरून म्हैस आणली होती. म्हैस पायरीपाशी थांबली, झुंबरबाई आत आल्या.

“पाणी कुणी म्हणलं?” त्यांनी विचारलं.

हॉलमधल्या झाडून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यापुरते दोन्ही गट एक झाले.

मी लॅपटॉपच्या मागं सरकलो. संघप्रिया पुढे झाली. तिनं त्यांना मावशी म्हणून हाक मारली आणि सगळं सरळ सांगितलं. यंत्रात गाय-म्हैस अशी नावं असतात, त्यांना नंबर असतात, आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावताना म्हैस पुढं आणि गाय मागं गेली, त्यामुळं नंबर बदलले. तुमच्या दुधाला नाव ठेवण्याचा संबंधच नाही. साहेबांच्या आवाजाला काही कळत नाही, तो नुसता लावलाय, असंही म्हणाली. हे शेवटचं तिनं जरा जास्तच ठामपणे सांगितलं, असं मला वाटलं.

झुंबरबाई म्हणाल्या, “म्हस पुढं गेली त्ये चांगलंच झालं की. पर तिला गाय म्हणायचं काय काम?”

लोक हसले. हंबीररावांनी फेटा मांडीवरून उचलला. तोवर संघप्रियानं क्रम पूर्ववत करून प्रोग्राम पुन्हा तयार केला होता. बटण दाबलं, आणि माझ्या आवाजानं चेअरमनांचं हार्दिक अभिनंदन केलं. बाळासोची फॅट मात्र गायीच्या मापात आली. त्यानं मग सोंगावरचा विश्वास काढून घेतला.

पण झुंबरबाईंचं समाधान झालं नव्हतं. दूध न बघता नावाजणारं यंत्र त्यांना दूध न बघता नावं ठेवणाऱ्या यंत्राइतकंच खोटं वाटत होतं. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला स्वतःला तरी दुधातलं कळतं का? इतकं झाल्यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, “मावशी, उभं आयुष्य दुधाच्या कामात गेलंय माझं.”

त्यांनी दोन पेले मागवले. एक आपल्या किटलीतून भरला, दुसरा बाळासोनं तेवढ्यात घरून मागवलेल्या दुधानं. मला भिंतीकडे तोंड करायला लावलं, पेल्यांची जागा बदलली आणि म्हणाल्या, सांगा म्हस कुठली. सगळा गाव टाचा उंचावून बघत होता. मी दोन्ही पेले प्यालो, घोट घोट घेऊन, डोळे मिटून. डाव्या पेल्याचं दूध मला दाट लागलं. साय आठवली, बासुंदी आठवली. मी डावा पेला उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “ही म्हैस.”

बाळासो मागून म्हणाला, “ती आमची गाय हाय.”

हंबीरराव पहिल्यांदाच हसले, पोट धरून. झुंबरबाईंनी माझ्या हातातला पेला काढून घेतला, पदरानं पुसला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “मशीन घ्या ते. ह्या साहेबापरास मशीन बरं.”

ह्या मुद्द्यावर बाळासोचाही विरोध नव्हता. ठराव तिथल्या तिथं एकमतानं मंजूर झाला. त्या संस्थेच्या इतिहासात एकमतानं झालेला तो पहिलाच ठराव, असं सचिव म्हणाले.

कोल्हापुरात परतलो तेव्हा गणपतराव जिन्यातच उभे होते. काम मिळालं म्हटल्यावर त्यांनी मला मिठीच मारली आणि विचारलं, त्यांना नेमकं काय पटलं?

मी म्हटलं, “माझा अनुभव.”

संघप्रियाला तेवढ्यात जोराचा ठसका लागला. बेकरीचा धूर असावा.