जेरल्डरावांची कात

आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला लोक चिवडा, करंज्या, फार तर घरी केलेलं श्रीखंड घेऊन यायचे. डॉक्टर दाबके सापाची कात घेऊन आले. साडीच्या लांबट खोक्यात, टिश्यू पेपरात गुंडाळून. हॉलभर फिरून प्रत्येकाच्या नाकासमोर धरत होते. "हात लाव, घाबरतोस काय? क्लिनिकली स्वच्छ आहे. हे बघ, डोळ्यांवरच्या टोप्यासुद्धा आल्यात!" माझी बायको सुनंदा तेव्हा करंजी खात होती. तिने ती अर्धी तशीच ठेवली, आणि दाबक्यांच्या घरी यापुढे चहासुद्धा घ्यायचा नाही असं तिथेच जाहीर केलं.

दाबके लेस्टरला आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचे. हॉस्पिटलात ते म्हाताऱ्यांच्या वॉर्डाचे डॉक्टर आणि मी तिथेच फार्मसीत. वयाने ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्यामुळे ते मला 'अरे शरद' आणि मी त्यांना 'अहो डॉक्टर'. बायको वारलेली. घरात ते आणि जेरल्ड, दोघंच. जेरल्ड म्हणजे साप. 'कॉर्न स्नेक' नावाच्या अमेरिकन जातीचा, बिनविषारी, विटकरी रंगाचा. नाव त्यांच्या मुलाने ठेवलेलं. दाबक्यांनी पुढे 'राव' जोडला आणि अहोजाहो सुरू केलं. "जेरल्डरावांनी काल जेवण घेतलं नाही," असं ते काळजीने सांगायचे. जेवण म्हणजे उंदीर. मेलेले, गोठवलेले, फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवलेले. सुनंदाचं अगदीच चुकत होतं असं मला म्हणवत नाही.

रोज संध्याकाळी सहाला दाबक्यांचा घरगुती वॉर्ड राउंड असायचा. सापाच्या काचेच्या पेटीला पेशंटच्या खाटेसारखा क्लिपबोर्ड टांगलेला. तारीख, वजन, खाणं, पेटीतला ओलावा, आणि शेवटी लाल शाईने मागच्या कातीपासूनचे दिवस. मी चुकून तिकडून गेलो की खिडकीतून हाक यायची. "शरद, ये! पॅटर्न दिसतोय मला, पॅटर्न!" मग अर्धा तास सुटका नसे.

या पॅटर्नची सुरुवात मात्र फजितीने झाली होती. सापाचे डोळे पहिल्यांदा दुधाळ निळे झाले तेव्हा जन्मभर म्हातारे तपासलेल्या या माणसाने बेधडक मोतीबिंदूचं निदान केलं. दोन्ही डोळ्यांना! रीतसर पत्र लिहून व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, नेलं. व्हेटने पत्र वाचलं, पेटीत डोकावलं आणि म्हणाला, "डॉक्टर, हा आता कात टाकणार आहे. काही करू नका. फक्त त्याला त्रास देऊ नका." तेव्हापासून दाबके या विषयाच्या मागे हात धुऊन लागले. डोळे निळे झाले की आठवडाभर त्याला कुणी हात लावायचा नाही, पेटीवर पंचा टाकायचा, घरात रेडिओसुद्धा हळू. मग डोळे निवळतात, आणि तीन-चार दिवसांत साप नाक दगडावर घासून पायमोजा उलटा काढावा तशी कात काढतो.

मी हसायचो. एकदा मात्र त्यांच्या हॉलमध्ये उभा असताना समोरच कात पडली, आणि दाबके ती तशीच हातावर घेऊन फोनकडे गेले.

"हॅलो. दाबके बोलतोय. टाकली. हो, एकसंध. तीन फूट अकरा इंच." मग बराच वेळ नुसते रिसीव्हर धरून उभे. "तिकडे थंडी आहे?... इथेही." हातातली कात टेबलावर ठेवली. "बरं. ठेवतो."

परत येऊन त्यांनी क्लिपबोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'चार मिनिटं.' त्या कोपऱ्यात तसे आकडे वरपासून खालपर्यंत होते. तीन, दोन, साडेतीन.

फोन निखिलला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा. नॉटिंगहॅमला तिसऱ्या वर्षात मेडिकल सोडून तो ग्लासगोला एका नाटकाच्या थिएटरात लाइटचं काम करायला निघाला, तेव्हा याच हॉलमध्ये दाबक्यांनी त्याला सांगितलं होतं, "आजपासून मला मुलगा नाही." मी तिथे होतो. मला अजून वाटतं की मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात कशाला पडा, असं म्हणून मी बुटांकडे बघत राहिलो. साप मूळचा निखिलचाच, पण भाड्याच्या खोलीत त्याला तो ठेवता येणार नव्हता. दारात तो एवढंच म्हणाला, "जेरल्डने कात टाकली की फोन करा. बाकी कशासाठी नको."

दाबक्यांनी ते वाक्य कोर्टाच्या निकालासारखं पाळलं. ना वाढदिवसाला फोन, ना दिवाळीला.

अडचण अशी की साप वाढत्या वयात महिन्याला कात टाकतो आणि मोठा झाला की दोन-अडीच महिन्यांनी. क्लिपबोर्डवरचे लाल आकडे चढायला लागले. एकतीस, चव्वेचाळीस, अडुसष्ट. दाबके बेचैन झाले. त्यांनी एका उंदराचे दोन केले, मग तीन. "भरपूर खाल्लं की वाढ होते, वाढ झाली की कात पडते. साधं फिजिऑलॉजी आहे!" व्हेटने बजावलं, मी सांगून पाहिलं. ज्या माणसाने हजार पेशंटना साखर-तूप बंद करायला लावलं, तो सापाला आग्रह करकरून वाढत होता. जेरल्डरावांचं अंग फुगलं, खवल्यांमधली कातडी दिसायला लागली. एका फेब्रुवारीत ते पेटीत सरळ पडलेले आढळले.

आम्ही दोघांनी मागच्या बागेत खड्डा खणला. जमीन गोठलेली, माझी कुदळ वाकली. दाबके एवढंच म्हणाले, "मी मारला रे त्याला." ते खरंच होतं. मी खड्ड्यात माती लोटली. आत आल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, निखिलला कळवायला हवं."

"कळवलं तर पुढचा फोन कशावर करू?" त्यांनी विचारलं.

एप्रिलमध्ये त्यांनी निखिलला फोन केला. "टाकली. एकसंध." मेलेल्या सापाने कात टाकल्याची वर्दी मी स्वतःच्या कानांनी ऐकली. त्यानंतर जेरल्डराव फारच जोमाने वाढायला लागले. सहा आठवड्यांनी कात, मग तीन, मग दर पंधरा दिवसांनी, रविवारी, नेमाने. लांबी पाच फुटांच्या पुढे गेली. क्लिपबोर्डच्या कोपऱ्यातले आकडेही वाढले. सात मिनिटं, नऊ.

"अहो, जगातला कुठलाच साप असं करत नाही," मी चिडून म्हणालो. "निखिलला सापांची माहिती आहे. त्याच्या लक्षात येईल."

"छे! त्याला आता कुठलं आठवतंय," दाबके म्हणाले आणि क्लिपबोर्ड पुसायला लागले.

पुढच्या वर्षी दाबक्यांना हार्ट अटॅक आला. मोठा होता. डॉक्टरच असल्याने त्यांना कुणी खोटं सांगू शकत नव्हतं. निखिलला बोलवायचं नाही, असं मला निक्षून बजावलं. "काय सांगणार? या खेपेला कात नाही." दुसऱ्या मंगळवारी दुपारी मी त्यांचे पायजमे आणायला घरी गेलो आणि हॉलमधला फोन वाजला.

"हॅलो, बाबा?"

"निखिल, मी शरदकाका."

"काका, बाबा ठीक आहे ना? सोळा दिवस झाली. संडेला फोन नाही आला." तो थांबला. "मला माहीत आहे, जेरल्ड नाहीये. ॲडल्ट कॉर्न स्नेक असा फॉर्टनाइटला कात नाही टाकत. मी वर्षभर काय बोलला नाही, कारण मग बाबा फोन बंद करेल."

मी हॉलच्या जिन्यावर बसलो. तो गेल्यापासूनच्या चार वर्षांत मी कधीही त्या पोराला फोन करू शकलो असतो आणि केला नव्हता, याची मला तेव्हा खरोखर लाज वाटली. मी त्याला सगळं सांगितलं. वॉर्ड सांगितला. फार वेळ नाही, हेही सांगितलं.

"मी येतो," तो म्हणाला. "बाबांना सांगू नका मला जेरल्डचं कळलं ते. सांगा, जेरल्डला बघायला येतोय."

मी तसंच सांगितलं. दाबके ऑक्सिजनच्या मास्कमधून ओरडले, "अरे, पण दाखवू काय त्याला?" नर्स धावत आली. ती गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "शरद, दुसरा आण. पाच फुटी. विटकरीच बघ." मी हो म्हणालो. काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी निखिल आला. केस वाढलेले, खांद्याला एकच पिशवी. खाटेशी उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दाबक्यांनी मास्क बाजूला केला.

"घरी आहे तो. मजेत आहे. पण आत्ता दाखवता येणार नाही. डोळे निळे झालेत त्याचे. या दिवसांत त्रास द्यायचा नसतो."

निखिलने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, पिशवी खाली ठेवली आणि बसला. "असू दे बाबा. मी थांबतो. कात टाकेपर्यंत थांबतो."

"सांगता येत नाही रे. बरेच दिवस लागतील."

"लागू दे."

दाबके त्यानंतर नऊ दिवस होते. निखिल नऊही दिवस होता.